'आढळले नाही' म्हणजे किती? : बाटलीबंद पाण्यातल्या कीटकनाशकांचे २००३चे प्रकरण

फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट (सीएसई) या संस्थेने बाटलीबंद पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. दिल्ली परिसरात विकले जाणारे १७ ब्रँड आणि मुंबईत विकले जाणारे १३ ब्रँड संस्थेच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत तपासले गेले होते. बहुतेक बाटल्यांत कीटकनाशकांचे अवशेष निघाले. लिंडेन, डीडीटी, मॅलाथिऑन आणि क्लोरपायरिफॉस ही चार नावे पुन्हा पुन्हा येत होती. मुंबईच्या नमुन्यांत प्रमाण दिल्लीपेक्षा कमी होते, पण तिथलेही पाणी निर्मळ ठरले नाही.

आता यातली मेख अशी, की बाटलीबंद पाण्याला आयएसआय शिक्का २००१पासूनच सक्तीचा होता. कंपन्या म्हणत होत्या, आमचे पाणी भारतीय मानकाप्रमाणे आहे. सीएसई म्हणत होती, याच पाण्यात युरोपच्या मर्यादेच्या कितीतरी पट कीटकनाशक आहे. टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत हा वाद 'खोटे कोण बोलतंय' या वळणावर गेला. माझ्या मते दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत होती, आणि त्यामुळेच हे प्रकरण रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळापासून अभ्यासावे असे आहे.

कारण तेव्हाच्या मानकात (आयएस १४५४३, १९९८) कीटकनाशकांसाठी आकडा नव्हताच. अवशेष 'शोधमर्यादेच्या खाली' असावेत, एवढेच म्हटले होते. शोधमर्यादा कोणाची? मानकात नेमून दिलेल्या चाचणीपद्धतीची. आणि ती पद्धत ढोबळ होती. समजा एखाद्या पद्धतीला लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी काही दिसतच नसेल, तर ०.९ मायक्रोग्रॅम लिंडेन असलेल्या पाण्यालाही ती 'आढळले नाही' असाच शेरा देणार. युरोपची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे नऊपट दूषित पाणी कागदावर स्वच्छ. मानक वाचायला कडक होते, कारण त्यात शून्य अपेक्षित असल्यासारखे वाटत होते. प्रत्यक्षात जितके यंत्र आंधळे, तितके पाणी शुद्ध, अशी ती रचना होती.

लिटरभर पाण्यातून मिलिलिटरभर अर्क

सीएसईच्या प्रयोगशाळेने अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतींचा आधार घेऊन १२ ऑर्गॅनोक्लोरिन (क्लोरीन असलेली) आणि ८ ऑर्गॅनोफॉस्फरस (फॉस्फरस असलेली) कीटकनाशके गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणाची वाफ करून त्यातले घटक वेगळे काढणाऱ्या यंत्रावर, शोधली. या पद्धतीत काय घडते ते नीट पाहिल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो.

पाणी सरळ गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये टोचता येत नाही. एक तर पाण्याच्या वाफेने कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी यंत्रातली लांब नळी, खराब होतो. दुसरे म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर अशा पाण्याच्या एका मायक्रोलिटरमध्ये कीटकनाशक असते ०.१ पिकोग्रॅम, आणि एवढ्यावर निभाव लागत नाही. म्हणून आधी कीटकनाशक पाण्यातून बाहेर काढून एकवटावे लागते. लिटरभर नमुना सेपरेटिंग फनेलमध्ये घ्यायचा, मीठ घालायचे, डायक्लोरोमिथेन हा द्रावक ओतून जोराने हलवायचे आणि मधूनमधून तोटी उघडून आत साठलेला दाब सोडायचा. डायक्लोरोमिथेन जड, ते तळाशी बसते. ते काढून घेऊन आणखी दोनदा हेच. नंतर निर्जल सोडियम सल्फेटमधून गाळून उरलेले पाणी शोषायचे, रोटरी इव्हॅपोरेटरवर द्रावक उडवायचा आणि हेक्झेनमध्ये आणून शेवटी १ मिलिलिटर अर्क उरवायचा. डायक्लोरोमिथेनचा अंशही मागे राहून चालत नाही. त्यातही क्लोरीन आहे आणि डिटेक्टर त्यानेच भरून जातो.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाण्यात ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० नॅनोग्रॅम. ते सगळे १ मिलिलिटरमध्ये आले, तर एका मायक्रोलिटरमध्ये १०० पिकोग्रॅम. कॉलमच्या टोकाला बसवलेला, क्लोरीन असलेले रेणू टिपणारा इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर लिंडेनच्या एखाद्या पिकोग्रॅमलाही प्रतिसाद देतो. युरोपची मर्यादा गाठायला हे पुरेसे, आणि वर हाताशी अंतरही राहते. हजारपट एकवटणे हेच या पद्धतीचे खरे बळ आहे. पण हजारपट एकवटते ते सगळेच. द्रावकातली अशुद्धी, काचेवर चिकटलेला डाग, बाटलीच्या प्लास्टिकमधून उतरलेले काहीबाही, सारे त्याच एका मिलिलिटरमध्ये येऊन बसते.

म्हणूनच प्रत्येक खेपेला काही साक्षीदार सोबत चालवावे लागतात. ब्लँक, म्हणजे शुद्ध पाणी घेऊन तीच सगळी प्रक्रिया करायची, की प्रयोगशाळेतूनच काही येत नाही ना हे कळते. स्पाइक, म्हणजे ठरावीक मात्रा मुद्दाम मिसळून परत किती मिळते (रिकव्हरी) ते पाहायचे. साधारण ७० ते १२० टक्के परत आले तर पद्धत चालते आहे असे मानतात. डीडीटीसारखा पाण्याशी जुळवून न घेणारा रेणू बाटलीच्या काचेलाच चिकटतो. म्हणून नमुन्याची रिकामी बाटलीसुद्धा द्रावकाने खळबळून ते द्रावण फनेलमध्ये ओततात. हे केले नाही तर निकाल कमी येतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

नमुना घेतानाची काळजी तर याहून जास्त. गडद रंगाची काचेची बाटली, टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण, ४ अंश सेल्सिअसला साठवण, सात दिवसांच्या आत अर्क. पाण्यात क्लोरीन असेल तर सोडियम थायोसल्फेट घालून ते मारावे लागते. क्लोरीन बाटलीतही काम करत राहते आणि क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस रेणूचे ऑक्सॉन, म्हणजे गंधकाच्या जागी ऑक्सिजन आलेले रूप, बनवते. मूळ रेणूच शोधणाऱ्या प्रयोगशाळेला मग काहीच दिसत नाही, आणि तयार झालेले ऑक्सॉन मात्र मज्जासंस्थेतल्या एन्झाइमला मूळ रेणूपेक्षा अधिक जोराने धरते.

शिखर दिसले, पण कोणाचे?

गॅस क्रोमॅटोग्राफीचा पाया १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी घातला, आणि इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर १९५७ मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी बनवला. त्यात निकेल-६३ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असते. त्यातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा एक स्थिर प्रवाह वाहत राहतो. क्लोरीन असलेला रेणू आला की तो इलेक्ट्रॉन गिळतो, प्रवाह घटतो आणि कागदावर शिखर उमटते. जगाच्या पाठीवर डीडीटी कुठवर पोचले आहे हे १९६०च्या दशकात कळू लागले ते बरेचसे या छोट्याशा डिटेक्टरमुळे. ऑर्गॅनोफॉस्फरससाठी वेगळा डिटेक्टर लागतो. त्यात रुबिडियम किंवा सिझियम क्षार असलेला तापवलेला मणी असतो आणि तो नायट्रोजन व फॉस्फरस असलेल्या रेणूंना ओळखतो.

पण डिटेक्टर नाव सांगत नाही. तो एवढेच सांगतो, की अमुक मिनिटांनी इलेक्ट्रॉन गिळणारे काहीतरी बाहेर पडले. प्रमाणित लिंडेन जितक्या मिनिटांनी येते तितक्याच मिनिटांनी नमुन्यातले शिखर आले, तर आपण त्याला लिंडेन म्हणतो. एकाच गाडीतून उतरलेली दोन माणसे एकाच गावची असतील असे म्हणण्यासारखेच हे आहे. बहुतेकदा बरोबर ठरते, पण खात्री नसते.

आणि इथे तपासायचे होते ते प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी. प्लास्टिक मऊ करायला वापरली जाणारी थॅलेट रसायने इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरवर चांगलीच उमटतात आणि ऑर्गॅनोक्लोरिनांच्याच टापूत येतात. ती झाकणातून, नळीतून, प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांतूनही येऊ शकतात. त्यामुळे एका कॉलमवरच्या एका शिखरावर विसंबून कोणत्याही कंपनीचे नाव छापणे अन्यायाचे झाले असते.

यावरचा जुना आणि उत्तम उपाय म्हणजे दुसरा कॉलम. पहिला जवळपास अध्रुवीय, दुसरा मध्यम ध्रुवीय. दोन्हींवर रेणूंचा बाहेर पडण्याचा क्रम वेगळा असतो. खरे लिंडेन दोन्हींकडे आपापल्या ठरलेल्या वेळी येते आणि दोन्हींकडून काढलेली मात्रा जुळते. भलताच कोणी असेल तर दुसऱ्या कॉलमवर तो जागा सोडतो. सीएसईच्या प्रयोगशाळेनेही वेगवेगळ्या ध्रुवीयतेचे कॉलम वापरले होते.

क्लोरपायरिफॉसच्या बाबतीत निसर्गानेच आणखी एक पुरावा ठेवला आहे, आणि त्याची चर्चा तेव्हा व्हायला हवी होती तितकी झाली नाही असे मला वाटते. या रेणूत तीन क्लोरीन आहेत, तसेच एक नायट्रोजन आणि एक फॉस्फरसही. म्हणजे तो दोन्ही डिटेक्टरांना दिसतो. थॅलेटमध्ये ना नायट्रोजन ना फॉस्फरस, त्यामुळे दुसऱ्या डिटेक्टरवर त्याची तोतयेगिरी चालत नाही. दोन पूर्णपणे वेगळ्या तत्त्वांवर चालणारे डिटेक्टर एकाच मात्रेवर येऊन ठेपले, तर ते शिखर नाकारणे फार अवघड जाते.

डीडीटीची गोष्ट उलटी आहे. तिथे धोका यंत्राच्या आतच असतो. नमुना ज्या गरम इनलेटमध्ये वाफ होतो, तिथली काचेची नळी मळलेली असेल तर डीडीटी तिथेच फुटून डीडीई आणि डीडीडी ही त्याची मोडलेली रूपे बनतात. म्हणून रोज सकाळी शुद्ध डीडीटी टोचून ते किती फुटते हे पाहतात. १५ ते २० टक्क्यांच्या वर फूट गेली की नळी बदलायची, त्याशिवाय नमुन्यांना हात लावायचा नाही.

शेवटचा शब्द मात्र मास स्पेक्ट्रोमीटरचा. तिथे रेणूचे तुकडे होतात आणि तुकड्यांची वजने मोजली जातात. लिंडेनचे १८१, १८३, २१९. डीडीटीचे २३५, २३७, १६५. क्लोरपायरिफॉसचे १९७, १९९, ३१४. त्यातल्या क्लोरीनच्या दोन समस्थानिकांचे प्रमाणही ठरलेले असते, त्यामुळे जोडीने येणाऱ्या शिखरांची उंची एकमेकांशी जुळावी लागते. २००३चे निष्कर्ष साध्या डिटेक्टरांवर उभे होते. सीएसईने २००६ मध्ये शीतपेयांचा दुसरा अभ्यास केला, तेव्हा जीसी-एमएसने (गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरने) पुष्टी जोडली. १२ राज्यांतल्या २५ बाटलीकरण कारखान्यांची ५७ पेये तपासून आलेली एकूण कीटकनाशकांची सरासरी ११.८५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर होती. ओळखीबद्दलचा आक्षेप त्यानंतर बराच लंगडा पडला.

शोधमर्यादा ठरते कशी

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. पद्धतीची शोधमर्यादा ही यंत्रावर छापून आलेली गोष्ट नसते, ती प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतः काढायची असते. अमेरिकी पद्धतीप्रमाणे अपेक्षित मर्यादेच्या आसपासची मात्रा घातलेले किमान सात नमुने सुरुवातीपासून शेवटपर्यंत, फनेलपासून शिखरापर्यंत चालवायचे. सात निकालांचे प्रमाण विचलन (ते एकमेकांपासून किती विखुरले आहेत याचे माप) काढायचे आणि त्याला ३.१४३ने गुणायचे. समजा सात नमुन्यांत ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर घातले आणि निकालांचे विचलन ०.००४ आले, तर शोधमर्यादा साधारण ०.०१३. याच्या खाली आलेले शिखर खरे आहे की यंत्राची निव्वळ कुरकुर, हे ९९ टक्के खात्रीने सांगता येत नाही. आणि आकडा छातीठोकपणे लिहायचा असेल तर याहूनही वर, मापनमर्यादेच्या पुढे जावे लागते.

म्हणजे एकच पाणी, एकाच दिवशी, दोन प्रयोगशाळांत दिले तर एकीकडे '०.०८' आणि दुसरीकडे 'आढळले नाही' असा अहवाल येऊ शकतो, आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात. अहवालात मर्यादा लिहिलेली नसेल तर दुसऱ्या शेऱ्याला काही अर्थ उरत नाही.

बेरजेचा प्रश्न तर आणखी चिवट. युरोपच्या नियमात एका कीटकनाशकाला ०.१ आणि सगळ्यांच्या बेरजेला ०.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर अशी मर्यादा आहे. समजा २० कीटकनाशके तपासली आणि प्रत्येकाची शोधमर्यादा ०.०५ आहे. वीसही ठिकाणी 'आढळले नाही' आले. बेरीज शून्य लिहायची का? तांत्रिकदृष्ट्या त्या वीस रेघांमागे जास्तीत जास्त १ मायक्रोग्रॅमपर्यंत काहीही लपलेले असू शकते, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. ०.५ची बेरीज निःशंकपणे तपासायची तर वीस संयुगांसाठी प्रत्येकी शोधमर्यादा ०.०२५च्या खाली हवी. बेरजेची मर्यादा घालणारा नियम आपोआपच पद्धतीच्या नजरेलाही मर्यादा घालून देतो, हे मानक लिहिणाऱ्यांनी कायम ध्यानात ठेवायला हवे.

आकडा आला

वादानंतर सरकारने १८ जुलै २००३ रोजी अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती केली. बाटलीबंद पाण्यात प्रत्येक कीटकनाशक ०.०००१ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त नको आणि एकूण ०.०००५पेक्षा जास्त नको. १ जानेवारी २००४पासून लागू. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम केले तर हे ०.१ आणि ०.५च, म्हणजे युरोपचीच मर्यादा.

गंमत अशी, की युरोपचा ०.१ हाही विषशास्त्रातून आलेला आकडा नव्हता. १९८०च्या युरोपीय निर्देशात तो घातला तेव्हा भूमिका सरळ होती, की पिण्याच्या पाण्यात कीटकनाशक असताच कामा नये. पण 'असता कामा नये' हे मोजता येत नाही. म्हणून त्या काळच्या प्रयोगशाळांना भरवशाने जेवढे दिसू शकत होते, त्याच्या जवळपासचा आकडा शून्याच्या जागी ठेवला. भारताने १९९८ मध्ये केले तेही वरवर तेच होते. फरक एवढाच, की युरोपने त्या दिवशीची नजर आकड्यात गोठवली आणि प्रयोगशाळांना ती गाठायला लावली. आपण नजर मोकळी सोडली, मग ती ढोबळ असली तरी कोणाचे बिघडत नव्हते. एवढ्या एका फरकामुळे आयएसआय शिक्क्याची बाटली आणि सीएसईचा अहवाल, दोन्ही एकाच वेळी खरे ठरू शकले.

आकडा आल्यावर कारखान्यांनाही काय करायचे ते कळले. बहुतेक कारखाने बोअरवेलचे पाणी उपसत होते आणि कीटकनाशक त्या भूजलातूनच येत होते. सक्रिय कोळशाचा पुरेसा मोठा थर, तो वेळेवर बदलणे आणि रिव्हर्स ऑस्मोसिस यांनी हे रेणू ०.१च्या खाली आणणे अवघड नाही. अवघड होते ते एवढेच, की कोणी मागितले नव्हते.

संसदेतला गॅस क्रोमॅटोग्राफ

ऑगस्ट २००३ मध्ये त्याच प्रयोगशाळेने शीतपेयांचे निकाल जाहीर केले आणि प्रकरण संसदेत गेले. सरकारने म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि कोलकात्याच्या केंद्रीय अन्न प्रयोगशाळेत वेगळे नमुने तपासून घेतले. आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी लोकसभेत सांगितले, की १२पैकी ९ नमुने युरोपच्या मर्यादेच्या वर आहेत. पण त्यांतली मात्रा सीएसईच्या आकड्यांपेक्षा बरीच कमी होती. मग दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला.

शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. देशाच्या इतिहासातली ती चौथी संयुक्त संसदीय समिती. तिने ४ फेब्रुवारी २००४ रोजी अहवाल दिला. त्यातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे विधान फारसे कोणी उचलले नाही. सीएसईला कीटकनाशके सापडली हे बरोबर आहे, पण ते तपासलेल्या शीतपेयांच्या १२ ब्रँडच्या ३६ नमुन्यांपुरते, असा समितीचा निष्कर्ष होता. काहींना ही सावध राजकीय भाषा वाटली. रसायनशास्त्रज्ञाला त्यात काहीच वावगे दिसणार नाही. प्रयोगशाळा जे सांगते ते तिच्या हातातल्या बाटलीबद्दल. वेगळ्या महिन्यात, वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या बोअरच्या पाण्यावर भरलेली बाटली वेगळा आकडा देणारच. सरकारी प्रयोगशाळांचे आकडे कमी आले म्हणून सीएसई चूक ठरत नाही, आणि सीएसईचे जास्त आले म्हणून सरकारी प्रयोगशाळा निष्काळजी ठरत नाही. दोघांनी एकाच बॅचच्या बाटल्या वाटून घेऊन तपासल्या असत्या तरच तुलना झाली असती. ती झाली नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

एक आक्षेप मात्र रास्त होता: सीएसईच्या प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता नव्हती. मान्यतेने निकाल खरा ठरत नाही, पण ब्लँक, स्पाइक, रिकव्हरी, विचलन यांच्या नोंदी बाहेरच्या माणसाला तपासता येतात. इतका मोठा आरोप करताना त्या नोंदी आकड्यांच्या शेजारीच छापलेल्या हव्यात.

यादीत नसलेले

महाराष्ट्राला या विषयाचा दुसरा झटका द्राक्षांनी दिला. त्याच २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष सापडले, आणि पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अवशेषांसाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. बागेनिहाय नोंदणी, निर्यातीपूर्वी तपासणी, अशी चोख व्यवस्था बसली. तरीही २०१० मध्ये युरोपने द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड पकडले. वेलीची वाढ आवरणारे, बागायतदारांच्या रोजच्या ओळखीचे ते सीसीसी. ते तपासणीच्या यादीत नव्हते. आणि असते तरी गॅस क्रोमॅटोग्राफला दिसले नसते, कारण हा क्षार आहे, त्याची वाफ होत नाही. त्याला द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोडी लागते. त्या हंगामात नाशिक आणि सांगलीकडच्या अनेक घरांचे वर्षाचे गणित कोलमडले.

पाण्याच्या बाबतीतही हेच लागू आहे. वाफ न होणारे ग्लायफोसेट आणि उष्णतेने मोडणारी इतर काही कीटकनाशके गॅस क्रोमॅटोग्राफीच्या अहवालात येणारच नाहीत. विदर्भात कापसावर वर्षानुवर्षे फवारले गेलेले मोनोक्रोटोफॉस वाफ होते खरे, पण ते पाण्यात हवे तितके मिसळते आणि डायक्लोरोमिथेनमध्ये उतरायला तयार नसते. त्याचा निम्मा भाग फनेलमध्येच राहिला तर रिकव्हरी पाहिल्याशिवाय ते कोणाला समजणार नाही.

नळाचे पाणी, विहिरीचे पाणी

बाटलीचा प्रश्न आकड्याने बराच सुटला. पण महाराष्ट्रात बहुतेक माणसे बाटलीचे पाणी पीत नाहीत. त्यांच्यासाठी मानक आहे ते आयएस १०५००. त्याच्या १९९१च्या आवृत्तीतही मूळ अपेक्षा कीटकनाशके 'नसावीत' अशीच होती. २०१२च्या आवृत्तीत यादीतल्या प्रत्येक कीटकनाशकाला आकडा मिळाला, आणि तो विषशास्त्राच्या वाटेने आला. मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये लिंडेन २, डीडीटी आणि त्याचे भाऊबंद मिळून १, क्लोरपायरिफॉस ३०, मॅलाथिऑन १९०. म्हणजे बाटलीत मॅलाथिऑन ०.१ चालते आणि नळाला १९०, एकोणीसशेपट. मला हे पटत नाही. विषशास्त्राचा आधार मान्य करूनही, भूजलात मॅलाथिऑन १०० आले तर विहिरीच्या परिसरात काहीतरी गंभीर बिघडले आहे याची ती खूण असते, आणि हे मानक तिला 'योग्य' म्हणते.

पण त्याच यादीत काही ओळी उलट दिशेच्या आहेत. अल्फा-एचसीएचसाठी मर्यादा ०.०१, म्हणजे बाटलीच्या नियमापेक्षा दहापट कडक. अल्फा-एचसीएच हा बीएचसी या जुन्या कीटकनाशक पावडरचा मुख्य घटक. भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, पण त्याआधीची कित्येक दशके ती पोत्यापोत्यांनी शेतात गेली आहे. इथे शोधमर्यादेचा प्रश्न जसाच्या तसा परत येतो. ज्या प्रयोगशाळेची मापनमर्यादा ०.०५ आहे, तिने अल्फा-एचसीएचपुढे 'आढळले नाही' लिहिले तर त्या पाण्याने मानक पाळले की मोडले हे सांगताच येत नाही. तरीही असे अहवाल 'पिण्यास योग्य' या शेऱ्याने सुटू शकतात.

गावपातळीवर पाणी तपासायला जे किट दिले जाते, त्यात सामू, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, लोह, नायट्रेट, उरलेले क्लोरीन आणि जिवाणू यांची चाचणी असते. कीटकनाशकाची नसते. ते काम सुसज्ज प्रयोगशाळेचेच आहे, आणि प्रत्येक विहिरीसाठी ते परवडणार नाही हेही खरे. म्हणून निवड करावी लागेल. द्राक्षाच्या, कापसाच्या, उसाच्या पट्ट्यातल्या सार्वजनिक विहिरी आधी घ्याव्यात. नमुना दोनदा घ्यावा, एकदा पावसाचे पहिले पाणी जमिनीत मुरल्यावर आणि एकदा हिवाळ्यात, नेहमी क्लोरीन टाकण्याच्या जागेच्या अलीकडे. तालुक्यात दुकानांतून प्रत्यक्ष काय विकले जाते त्यावरून संयुगांची यादी ठरवावी. मोनोक्रोटोफॉस आणि त्याच्यासारखी इतर द्रव क्रोमॅटोग्राफीकडे पाठवावीत. आणि नमुना देतानाच प्रयोगशाळेकडून लेखी घ्यावे, की प्रत्येक संयुगापुढे तिची मापनमर्यादा आणि त्या खेपेची रिकव्हरी छापली जाईल. अल्फा-एचसीएचची मापनमर्यादा ०.०१च्या वर असेल तर तो नमुना तिथे देऊ नये.